मी न दिलेली हाक

भाऊंनी मला सायकल शिकवायला घेतलं तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. सायकल मला येत नव्हती असं नाही. अमरावतीला शाळेत मी सायकलनेच जायची. पण चार माणसांच्या ओळीत, पुढच्याच्या चाकापासून दोन हातांवर, त्याच्याच वेगानं चालवत राहणं ही वेगळी विद्या आहे. ती मला त्यांनी दिली. आणि त्यांची मान मोडली ती माझ्यामुळे.

मी नवा रायपूरमधल्या एका सरकारी संस्थेत ग्रंथपाल आहे. घर समता कॉलनीत. मुलगी शिकायला पुण्याला गेली, नवऱ्याची नोकरी नागपुरात, तो महिन्यातून दोनदा यायचा. सकाळी उठून चहा एकटीनं प्यायचा आणि मग ऑफिसची बस यायची वाट बघायची. ऑफिसातल्या एकीनं सांगितलं, तेलीबांधा तळ्यापाशी सकाळी साडेपाचला सायकलवाले जमतात, बायकाही असतात. गेले तर बाई मी एकटीच. सहा-सात पुरुष, सगळे हिंदी बोलणारे. मी परत फिरणार तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, तुमी तिकडच्या दिसता. वऱ्हाडातल्या का?"

ते भाऊ. वय बासष्ट-त्रेसष्ट, काटक, रंग रापलेला, डोक्यावर घट्ट बांधलेलं हेल्मेट. मूळचे चंद्रपूरकडचे. उरला या रायपूरच्या औद्योगिक भागातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं क्रेन चालवली होती आणि निवृत्त होऊन शेजारच्या बीरगावलाच घर बांधलं होतं. तिथून अंधारात निघून ते तळ्यावर सगळ्यांच्या आधी पोचलेले असायचे. गटात कोणी त्यांना नेता केलं नव्हतं, पण नियम त्यांचे चालत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओळीत मधे घेतलं नाही. "आधी माह्या मागं चाला. माह्या चाकाकडे पाहू नका, माह्या खांद्यावरून पुढचा रस्ता पाहा." मी त्यांच्या मागे लागले आणि दोन किलोमीटरनंतर पहिल्यांदा कळलं की पुढे माणूस असला की वारा किती कमी लागतो. पायांना अर्धंच काम राहतं. नवा रायपूरचे रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना मोकळं माळरान, समोरून वारा आला की एकट्या माणसाचा दम निघतो. ओळीत असलं की प्रत्येकानं थोडा वेळ पुढे राहून वारा झेलायचा, मग बाजूला होऊन मागे यायचं. "पुढे राहाची हौस नाई पाहिजे," ते म्हणायचे. "आपला वाटा झाला की मागं या. जास्त खेचलं की मागच्याचा जीव जाते."

अंतर किती ठेवायचं, पुढच्याच्या चाकाच्या बाजूला आपलं चाक का न्यायचं नाही, ब्रेक एकदम का दाबायचा नाही, हे सगळं त्यांनी शिकवलं. पण त्यांचा खरा जीव होता तो इशाऱ्यांवर. खड्डा दिसला की पुढच्यानं त्या बाजूला हात खाली करायचा आणि ओरडायचं, "गड्डा!" मग दुसऱ्यानं तेच करायचं, मग तिसऱ्यानं. शेवटच्यापर्यंत. तसंच ब्रेकरचं, उभ्या ट्रकचं, कुत्र्याचं.

मला एक हात सोडायची भीती वाटायची. हँडल डगमगायचं. एकदा चहाच्या टपरीवर मी म्हटलं, "भाऊ, मागच्यालाही डोळे आहेतच की. त्याला दिसेल ना खड्डा."

त्यांनी चहाचा कागदी कप खाली ठेवला. "ताई, मी वर क्रेनच्या केबिनमधी बसलो राहो. खाली काय हाय, मले काहीच नाई दिसे. खालचा माणूस हात दाखवे. त्यानं वर केला की मी उचलो, त्यानं थांबवला की थांबो. दहा टनाचा माल, अन् खाली माणसं. मागच्याले तुमची पाठ दिसते, खड्डा नाई दिसत. हात सुटत नसन तं आवाज द्या. पण द्या."

तेव्हापासून मी आवाज देऊ लागले. सुरुवातीला लाज वाटायची. पन्नाशीला आलेली बाई सकाळी सहा वाजता रस्त्यावर "गड्डा" म्हणून ओरडते! पण नंतर त्यात एक मजा यायला लागली. पुढून हाक आली की ती माझ्या तोंडातून मागे जायची आणि सगळ्यांत शेवटी भाऊंचा जाडा आवाज उमटायचा. ते कायम शेवटी असत, कोणी मागे पडू नये म्हणून. शेवटच्यानं कोणासाठी ओरडायचं? तरी ते ओरडत. मला मिळालं, एवढंच पुढच्यांना कळवायला.

दीड वर्ष असं गेलं. मी रायपूरमध्ये त्या दीड वर्षाइतकी सुखी कधी नव्हते.

मग गटात दोन नवे आले. दोघेही पस्तिशीतले, एक बँकेत अधिकारी, दुसरा त्याचा मित्र. महागड्या हलक्या सायकली, अंगाला चिकटणारे कपडे, मनगटावर वेग दाखवणारी घड्याळं. माणसं वाईट नव्हती. मला आदरानं दीदी म्हणत. पण त्यांना वेग हवा होता आणि आमचा आरडाओरडा त्यांना हास्यास्पद वाटायचा. बँकेतला एकदा हसत म्हणाला, "दीदी, ऐसा लगता है बारात निकली है। बस उंगली दिखा दो ना, सब समझदार लोग हैं।"

सगळे हसले. मीही हसले. भाऊ मागे चेनमध्ये अडकलेली गवताची काडी काढत होते. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही.

त्यानंतर हळूहळू ओळ गप्प होत गेली. पुढचा नुसतं बोट दाखवायचा. मीही आवाज बारीक केला, मग बंद केला. आणि हात तर मला अजून नीट सोडता येत नव्हता. भाऊंनी दोनदा टोकलं. एकदा सगळ्यांसमोर जरा जोरात म्हणाले, "काहून गप बसून राहिली ताई? तोंड शिवलं का?" मला राग आला. खरं सांगायचं तर त्या दोघांनी मला वेगवान लोकांमध्ये धरलं होतं, माझ्या पायांची तारीफ केली होती, आणि मला ते हवंहवंसं वाटत होतं. भाऊ मला पुन्हा शाळेत बसवतात असं वाटलं.

ती थंडीतली सकाळ होती. धुकं फार नव्हतं, पण उजेड अजून पुरता आला नव्हता. आम्ही चौघंच आलो होतो. पुढे बँकेतला, मग त्याचा मित्र, मग मी, माझ्यामागे भाऊ. बँकेतल्यानं वेग वाढवला होता आणि आपली पाळी संपली तरी तो पुढून हटत नव्हता. मला धाप लागली होती, पण मी ओळ सोडत नव्हते. रस्त्याच्या एका भागात पाइपसाठी आडवी चर खणून वरवर बुजवली होती. माती खचून ती वीतभर खोल झाली होती. डाव्या कडेला तेवढी जागा सपाट होती.

पुढच्यानं बोट खाली दाखवलं. मित्रानं दाखवलं. मी ते स्पष्ट पाहिलं. हँडल डावीकडे घेतलं आणि सपाट जागेतून निघून गेले.

मी हात दाखवला नाही. तोंडही उघडलं नाही. पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत आले की धाप लागली होती, वेळ नव्हता. वेळ होता. एका शब्दाला किती वेळ लागतो? मनात शब्द आलाही होता. मी तो गिळला, कारण पुढच्या दोघांनी मला हसू नये.

मागे लोखंड आपटल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही.

आम्ही वळून आलो तेव्हा भाऊ रस्त्यावर पालथे होते. सायकल दूर पडली होती, पुढचं चाक वाकडं. रक्त फारसं नव्हतं. कपाळ खरचटलं होतं, एवढंच. मित्र त्यांना उचलायला धावला तर भाऊच म्हणाले, "हात लावू नका. मानेले झटका देऊ नका." आवाज अगदी नेहमीसारखा. मी जवळ बसले. ते म्हणाले, "ताई, माह्ये पाय सरळ हायेत का वाकडे?"

"सरळ आहेत, भाऊ."

"मले समजून नाई राहिलं."

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्यांनीच पडल्या पडल्या सांगितलं, कोणी कुठे धरायचं, डोकं कोणी, कंबर कोणी. "एकसाथ उचला. मी म्हणतो तवा." आणि त्यांनी म्हटलं, आणि आम्ही उचललं. तीस वर्षांत त्यांच्या क्रेनखाली एकही माणूस जखमी झाला नव्हता, हे मला त्यांच्या बायकोनं दवाखान्यात सांगितलं. ती ते पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू डॉक्टरांना ते कळलं की ते जास्त मन लावून काम करतील.

ऑपरेशन झालं. मानेतली नस दबली होती, चिरडली होती. पाय गेले. हात खांद्यापासून थोडे हलत, बोटं मिटत नसत. दोन महिन्यांनी त्यांना बीरगावला घरी आणलं. गटाच्या व्हॉट्सॲपवर बँकेतल्यानं लिहिलं की हा निव्वळ अपघात होता, कोणाची चूक नाही, भाऊंसाठी प्रार्थना करा. खाली सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मीही टाकलं. अपघातानंतर तिसऱ्याच आठवड्यात गटाच्या सकाळच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. मी गेले नाही.

मी दर रविवारी बीरगावला जायला लागले. घरात ते, त्यांची बायको आणि मुलगी. मुलगी तिशीच्या आतली, एका शाळेत शिकवायची. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीत. समोरच्या खोलीत खिडकीशी पलंग होता. वहिनी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवत. मी कधी संत्र्याच्या फोडी सोलून भरवायची, कधी पेपर वाचून दाखवायची. मला वाटायचं, मी काहीतरी फेडते आहे.

एका रविवारी वहिनी स्वयंपाकघरात होत्या. भाऊ छताकडे बघत म्हणाले, "ताई, एक विचारू का? मी लय येळा पाहून राहिलो मनात. पुढच्यानं दाखवलं असन. तुमी आवाज दिला असन ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. खरं बोलायला एवढी सरळ जागा मला पुन्हा कधी मिळणार नव्हती.

"हो, दिला होता," मी म्हटलं.

ते पुन्हा छताकडे बघू लागले. मग म्हणाले, "तं मलेच नाई आला ऐकू. कान गेले माह्ये. कारखान्यात काय कमी आवाज होता काय? तीस वर्षं." आणि मग मला धीर दिल्यासारखं, "तुमची काई गलती नाई. तुमी मनाले लावून घेऊ नका."

त्या दिवसापासून भाऊंनी सगळा दोष आपल्या कानांवर घेतला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, की बहिऱ्या माणसानं ओळीत चालायलाच नको होतं, माझीच चूक, दुसरा कोणी मागे असता तर त्यालाही घेऊन पडलो असतो. वहिनी काही बोलल्या तर मुद्दाम "काय?" म्हणून विचारायचे. टीव्हीचा आवाज वाढवायला लावायचे. खरोखर त्यांना कमी ऐकू यायला लागलं आहे, असं त्यांनाच वाटू लागलं होतं. मी हे सगळं बघत होते. प्रत्येक रविवारी ठरवून जायची की आज सांगायचं. प्रत्येक रविवारी संत्री सोलून परत यायची.

सहा महिन्यांनी त्यांच्या मुलीनं मला फोन केला. "दीदी, समता कॉलोनी में कान का कोई अच्छा क्लिनिक है क्या? पापा को मशीन लगवा देंगे, तो शायद टीवी-वीवी ठीक से सुन लें।"

माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर तसा एक दवाखाना होता. वेळ मीच घेतली. त्यांना चाकाच्या खुर्चीत, छातीला पट्टा बांधून, गाडीतून आणलं. तपासणाऱ्या मुलीनं त्यांच्या कानांवर हेडफोन लावले आणि समजावलं की आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मग तिच्या लक्षात आलं की बोटं चालत नाहीत. ती म्हणाली, "कोई बात नहीं, अंकल। जब सुनाई दे, बस बोल दीजिए।"

छत्तीसगडमध्ये होकाराला हव म्हणतात. इतक्या वर्षांनी भाऊंच्या तोंडातही तेच बसलं होतं. काचेच्या दारामागे मी आणि त्यांची मुलगी बाकावर बसलो होतो. दार नीट लागलं नव्हतं. आत शांतता. मग भाऊंचा आवाज, "हव." पुन्हा शांतता. "हव." तपासणारी मुलगी यंत्रावर आवाज बारीक बारीक करत नेत होती हे काचेतून दिसत होतं. यंत्रातलं आम्हाला बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. भाऊंना येत होतं. "हव." थोडं थांबून, "हव." डोळे मिटून, मान पट्ट्यात, शाळेत हजेरी देणाऱ्या मुलासारखे ते मन लावून सांगत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर तपासणाऱ्या मुलीनं कागदावरची रेघ दाखवली. उजव्या कानात बारीक आवाज थोडे कमी येतात, वयानं तेवढं होतंच, पण मशीनची गरज नाही. भाऊंच्या मुलीनं विचारलं, "सायकिल पे आगे से कोई चिल्लाए, तो सुनाई देगा?"

"आराम से," तपासणारी म्हणाली.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीत बसवताना मी त्यांचे पाय धरून आत ठेवले. ते एवढंच म्हणाले, "कान चांगले हायेत म्हणते." मी खुर्ची मिटून डिकीत ठेवली. वाटेत बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. बीरगाव आल्यावर मात्र म्हणाले, "ताई, तुमी लय केलं. आता दर आइतवारी येऊ नका. तुमालेही घर हाय."

रागावून म्हणाले असते तर मी कदाचित बोलले असते. ते रागावले नव्हते. त्यांनी मला मोकळं केलं होतं आणि मी मोकळी झाले. पुढच्या रविवारी गेले नाही. मग त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की वहिनी म्हणायच्या, बरं आहे. टीव्हीचा आवाज आता कमी असतो, हेही त्यांनी एकदा सांगितलं. कान ठीक असल्याच्या आनंदात सांगितलं.

उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला. खोकायला जोर लागतो आणि पोटाच्या स्नायूंत तो उरला नव्हता. चार दिवसांत ते गेले. मी गेले तेव्हा बुद्धवंदना सुरू झाली होती. बँकेतला आणि त्याचा मित्र पांढऱ्या कपड्यांत मागे उभे होते. बँकेतल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचा हेवा वाटला.

नंतर गटानं भाऊंच्या नावानं सुरक्षित सायकलिंगची एक सकाळ ठेवली. इशारे शिकवायला मला बोलावलं, कारण भाऊंची खरी शिष्य मीच, असं सगळे म्हणत. मी तब्येतीचं कारण दिलं. ते म्हणाले, आम्ही समजू शकतो, दीदी.

पावसाळ्याच्या शेवटी मी पुन्हा बीरगावला गेले. वहिनी भावाकडे चंद्रपूरला गेल्या होत्या. मुलगी शाळेतून नुकतीच आली होती, हाताला खडू लागलेला होता. पलंग काढून टाकला होता आणि खोली फार मोठी दिसत होती. तिनं पाणी दिलं. मी ग्लास हातात धरूनच सांगितलं. बोट दिसलं होतं, हात केला नाही, हाक दिली नाही, आणि त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. का दिली नाही, तेही सांगितलं.

ती भिंतीला टेकून ऐकत होती. रडली नाही.

"पापा को पता था?" तिनं विचारलं.

"कान तपासले त्या दिवशी कळलं असेल."

"उन्होंने हमें कुछ नहीं बताया।" मग म्हणाली, "दीदी, गिरना तो हो गया था। उसके लिए मैं आपको कुछ नहीं बोलती। लेकिन छह महीने पापा खुद को बहरा समझ के सबसे माफी माँगते रहे। मैं जगह-जगह मशीन का पूछती फिरी। आप हर संडे यहीं बैठी थीं।"

मी म्हटलं, "हो."

"अब आप ये मुझे क्यों बता रही हैं? मैं इसका क्या करूँ?"

 मला वाटलं होतं, सांगितलं की काहीतरी होईल. ती ओरडेल, किंवा माफ करेल, किंवा निदान मला रडता येईल. तसं काही झालं नाही. जे मी एकटी बाळगत होते ते आता तिच्याकडेही गेलं, आणि माझ्याकडचं तसूभर कमी झालं नाही.

ती म्हणाली, "माँ को मत बताइएगा। वो आपको बहुत मानती हैं।" आणि मग, हळू आवाजात, पण अगदी स्पष्ट, "आप अब मत आइए।"

मी चपला घातल्या. गल्लीत त्या वेळी कुत्री बसलेली असतात, अनोळखी माणसावर धावून येतात. ती माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत आली, एका कुत्र्याला दटावून बाजूला केलं, कारखान्याची पाळी सुटून आलेल्या माणसांनी भरलेल्या एका ऑटोला हात केला आणि मला जागा करून द्यायला सांगितलं. मी बसले. ती लगेच वळली आणि घराकडे चालू लागली.

त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.